पट्टीमागची पिन

मेव्हण्याच्या गाडीतल्या या इंजिनाची खोड मिस्त्रीला पाठ होती. पुढच्या झाकणाआड एकच बारीक पिन असते. ती सैल होऊन गिअरमध्ये पडली की भर रस्त्यात इंजिन फुटतं. म्हणून त्याने ती आधीच ठोकून बसवली आणि वर पट्टी आवळली.

"झालं ना, दाजी?" मेव्हणा म्हणाला. "तान्ह्या बाळाला घेऊन घाट उतरायचाय."

"तुझं तोंड सोडून सगळं घट्ट केलंय. मार स्टार्टर."

आतून आवाज आला. टक, टक.

इंजिन बंद करून मिस्त्रीने झाकण पुन्हा उघडलं. तळाशी पिन पडली होती. पट्टी मात्र जराही हललेली नव्हती. त्याने ती सोडून पाहिली, तर मागे पिन जागच्या जागी.

"दाजी, निघू का?"

तळाशी सापडलेली पिन मिस्त्रीच्या मुठीत होती, आणि मुठीतून आवाज येत होता. टक, टक.