आतून गेलेलं

जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकून डॉमिंगो आजोबा घरच्या इंटरनेटला फायरवॉल बसवत होते. नात ग्लेनिशा ते सांगतील तसा एकेक नियम टाइप करत होती.

“भायरसून कोण आपणहून इलो, तर अडवूचो. पण आतून जा काय भायर गेला, ता परत इला तर आत घेवचा. ता आपलाच, गो बाय.”

तिने परतणाऱ्याला आत घेण्याची ओळ लिहिली, तेवढ्यात फाटक वाजलं. ती खिडकीपाशी गेली.

“आजो, एस्पेरांसा आंटी इली. बॅग घेवन.”

आपल्या मनाविरुद्ध लग्न करून गेलेल्या लेकीचं नाव ऐकूनही आजोबांनी मान वर केली नाही.

“दार उघडू नको.”

ग्लेनिशा परत येऊन बसली. मघाशी लिहिलेली ओळ तिने पुसून टाकली.

“आता बरोबर, आजो?”