खड्ड्याचा केक

केक ओव्हनमध्ये जाऊन दहा मिनिटं झाली होती आणि मावशीला अजून तोंड उघडायला जमलं नव्हतं.

भाची जेवणाच्या टेबलाशी वही घेऊन बसली होती. लांबच्या गावी शिकायला असलेल्या तिच्या लेकीनं थंडीच्या केकची कृती मागवली होती. नुसती कृती नको, त्यामागची गोष्टही लिही, अशी वर फर्माईश. मैदा, लोणी, अंडी, मनुका, संत्र्याची साल, सगळं मापासकट लिहून झालं होतं. आता इतिहासाची पाळी होती.

“मावशी, आईला हा केक तूच शिकवलास ना?”

“हो, मीच.” मावशीनं स्वच्छ असलेला चष्मा पुन्हा पुसला.

“म्हणजे पणजीकडून आजीकडे, आजीकडून तुझ्याकडे, तुझ्याकडून आईकडे.” भाची भराभरा लिहीत होती. “आणि अर्ध्यात दार उघडून साठ आकडे मोजायची रीत. आई म्हणायची, पणजीच्या वेळी लाकडाची भट्टी होती. धूर कोंडून केक काळा पडायचा, म्हणून मध्येच दार उघडून वारा द्यायचे. बरोबर ना?”

पणजीची भट्टी मावशीनं जन्मात ऐकली नव्हती. दार उघडायची रीत तिनं स्वतःच काढली होती, एका दुपारी, उभ्या उभ्या.

धाकट्या बहिणीचं, म्हणजे भाचीच्या आईचं, लग्न तेव्हा आठ दिवसांवर आलं होतं. आईचं सगळं धाकटीनं घेतलं होतं, रंग, गळा, हसणंसुद्धा. थोरलीच्या वाट्याला एवढा एक केक आला होता, आणि तोही मागायला धाकटी वही घेऊन दारात हजर. थोरलीनं सगळं खरं सांगितलं आणि शेवटी एक खोटं घुसडलं. अर्ध्यात दार उघडायचं गं, साठ आकडे. गार वारा लागला की फुगलेला केक बसणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. एकदा फजिती झाली की येईल विचारत, तेव्हा सांगू, असं मनात होतं. निदान ती स्वतःची समजूत तशी घालत आली.

धाकटी विचारायला आलीच नाही. दर हिवाळ्यात आधी तिचं पत्र यायचं, पुढे फोन यायला लागला. “ताई, यंदाही बसला गं माझा!” आणि वर खो खो हसायची. ती राहायला येणार असली की मावशी आपला केक आदल्या दिवशीच उरकून ठेवायची, म्हणजे दार बंदच असतं हे तिला दिसायला नको. सांगू सांगू म्हणत शेहेचाळीस हिवाळे गेले. मागच्या उन्हाळ्यात धाकटीच गेली. आता निदान तिच्या लेकीपाशी तरी सांगून टाकावं, म्हणून मावशी आज सकाळच्या गाडीनं आली होती.

“त्या दाराचं जरा...” तिनं कशीबशी सुरुवात केली.

“अगं, त्या दाराची तर गंमतच आहे!” भाचीनं पेन खाली ठेवलं. “मी पंधरा वर्षांची असेन. आई बाहेर गेली होती आणि मी दार उघडलंच नाही. तर केक हा असा टम्म फुगला! मी आईला म्हटलं, बघ, तुझं ते दारच नडतंय. आई कितीतरी वेळ त्या केककडे बघत बसली. मग म्हणाली, असू दे. ताईनं सांगितलंय म्हणजे त्यात काहीतरी असणार. माझी ताई मला उगाच चुकीचं सांगेल होय? आणि पुढच्या थंडीत पुन्हा दार उघडून उभी! ती भट्टीची गोष्ट तेव्हापासूनच सांगायला लागली. खड्ड्यात संत्र्याचा मुरंबा भरायची. त्या मधल्या तुकड्यासाठी आमच्या मारामाऱ्या व्हायच्या.”

मावशीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. धाकटीला कळलं होतं. जवळजवळ तीस वर्षं तिला माहीत होतं आणि तरी ती फोनवर हसत होती.

अर्ध्या वेळेला लावलेली ओव्हनची घंटी वाजली. भाचीनं हातमोजे चढवले आणि दार उघडलं. केक झकास वर आला होता, भांड्याच्या काठाच्याही वर. भाची मोजायला लागली. ती अठरापर्यंत आली तेव्हा मावशीला राहवलं नाही.

“लाव ते दार. मी खोटं सांगितलं होतं तिला. मुद्दाम. तिचा केक माझ्यासारखा होऊ नये म्हणून.”

भाचीचे आकडे थांबले. ओव्हनची ऊब स्वयंपाकघरभर पसरत होती आणि केकचा मधला भाग हळूहळू खाली चालला होता. मावशी तिच्या तोंडाकडे बघत राहिली. ती ओरडली असती, रडली असती, काहीही चाललं असतं.

“हे आईला सांगायचं होतंस गं, मावशी,” भाची म्हणाली.

दार तिनं लावलं नाही.

“एकोणीस,” ती म्हणाली. “वीस.”