इशबेलचं बेट

"कोट काढा, बाबा. त्यावर हे तरंगायचं जाकीट बसत नाही," स्ट्रुअन म्हणाला.

ऑलीने कोट काढून सुनेच्या हाती दिला. केर्स्टीने काठीही काढून घेतली. काठी मागच्या पंख्यात गेली तर काठीचे नि पंख्याचे, दोन्हींचे तुकडे होतील, असं ती हसत म्हणाली. ते हसू ऐकून ऑलीला बरं वाटलं. दोन हिवाळ्यांपूर्वी त्याचे डोळे गेले, आणि त्याच सुमाराला या घरातलं हसणंही गेलं होतं.

वाद घराचा होता. स्ट्रुअनला ते विकून शहरात जायचं होतं. ऑलीने सांगून टाकलं होतं की जिवात जीव आहे तोवर तो इथून हलणार नाही, आणि मरण्याआधी बायकोची, इशबेलची राख लॉखमधल्या, म्हणजे जवळच्या मोठ्या तळ्यातल्या बेटावर, तिच्या माहेरच्या माणसांशेजारी पोचली पाहिजे. ती मरताना त्याने तिला तसा शब्द दिला होता. राखेचा डबा वर्षभर त्याच्या उशाशी होता. पण बेटाभोवती सगळी दलदल, होडी काठाला लागत नाही. मग परवा स्ट्रुअन आपणहून म्हणाला की माझी हवेवर तरंगणारी हॉवरक्राफ्ट कशाला आहे? पाणी, चिखल, गवत, तिला सगळं सारखंच.

"तुझं खेळणं एकदाचं कामाला आलं म्हणायचं," ऑली म्हणाला.

"नावं ठेवू नका, बाबा. आज तुम्हीच बसणार आहात त्यात."

नोव्हेंबरची दुपार कलली होती. घरामागचं कुरण पावसाने घोटाभर पाण्याखाली गेलं होतं. यंत्र तिथूनच सुटलं. कानांवर जाड टोपणं असूनही आवाज हाडांत शिरत होता. तोंडावर पाण्याचे तुषार उडत होते. ऑलीने ते जिभेने टिपले. लहानपणी बापाच्या होडीत तो असंच करी.

वारा आधी उजव्या गालाला लागला, मग डाव्या, मग पुन्हा उजव्या. त्याने मुलाच्या खांद्यावर थोपटलं. स्ट्रुअनने त्याचं एक टोपण उचलून कानात सांगितलं की हिला ना चाक ना कणा, ओल्या फरशीवरच्या साबणासारखी घसरत, गिरक्या घेत जाते. ऑलीला ते पटलं. मुलगा मधूनमधून सांगत होता, भूर्जाच्या झाडांचं टोक गेलं, आता खोल पाणी आलं. ऑली मनाशी तो काळा, तळाचा पत्ता नसलेला लॉख पाहत राहिला. त्याचा धाकटा भाऊ त्याच पाण्यात गेला होता. सापडला नव्हता.

यंत्र थांबलं. स्ट्रुअनने हात धरून उतरवलं. दोन पावलं पाणी, मग चढ, मग गवत.

"गवत आखूड कसं रे?"

"उन्हाळ्यात कुणीतरी मेंढ्या सोडल्या होत्या."

हाताला एक लाकडी खांब लागला. थडग्यांमधला जुना क्रूस आहे, आडवा दांडा कधीच गळून पडलाय, असं स्ट्रुअनने सांगितलं. वरच्या अंगाला लोखंडी आकडा होता. पूर्वी होड्या बांधत असतील, असं ऑलीला वाटलं. तो गुडघ्यांवर बसला, डबा उघडला आणि राख खांबाच्या बुडाशी हातांनी पसरली. एक स्तोत्र म्हटलं. आपणही टोपी काढलीय, असं स्ट्रुअनने हळूच सांगितलं.

"झालं, इशबेल," ऑली म्हणाला. वर्षभरात पहिल्यांदा त्याची छाती हलकी झाली.

परत निघताना यंत्र उठेना. नुसतं घुरघुरलं. दोघांच्या वजनाने ते पाण्यातून वर येत नव्हतं. एकट्याने गेलं तर येईल, स्ट्रुअन म्हणाला. घरी जाऊन तो मोठं यंत्र असलेल्या शेजाऱ्याला आणणार होता. शेजाऱ्यासाठी जाकीट लागेल म्हणून त्याने बापाचं जाकीट सोडवलं, टोपणं घेतली, रिकामा डबाही घेतला.

"एक पाऊलसुद्धा हलू नका, बाबा. भोवती दलदल आहे. पाय घसरला की थेट खाली."

"जपून जा. धुकं उतरलं तर घाई करू नकोस."

आवाज लांब गेला, फिरला आणि विझला.

ऑली खांबाला टेकून बसला. स्वेटर ओलाच होता. थंडी आधी बोटांत आली, मग दातांत. कुठेतरी कुत्रं भुंकलं. थेट घरच्या फ्लॉससारखं. त्याने नाव घेऊन हाक मारली, तेव्हा ते साखळी ओढून केकाटू लागलं. पाण्यावरून आवाज फार जवळचा वाटतो, हे त्याला ठाऊक होतं. वाऱ्यावर तळलेल्या कांद्याचा वासही आला. केर्स्टीने स्वयंपाक चढवला असेल.

त्याने मुलाला हाका मारल्या. एकदा चार पावलं पुढे सरकला. पाय गार पाण्यात गेला, तसा धाकट्या भावाच्या आठवणीने मागे आला.

मग एक भलताच विचार आला. यंत्र उलटलं असेल तर? पोर माझ्यापायी, आईच्या राखेपायी बुडालं असेल तर? त्यानंतर त्याने स्वतःसाठी काही मागितलं नाही. हात जोडता येत नव्हते, बोटं वळत नव्हती. स्ट्रुअन सुखरूप घरी पोचू दे, एवढंच तो देवाकडे मागत राहिला. पोर परत आलं की घर त्याच्या नावावर करून टाकायचं, हेही त्याने ठरवलं, आणि ठरवल्यावर त्याला जरा ऊब वाटली.

सकाळी टपालवाली मेरेड नेहमीसारखी मागच्या बाजूने आली. स्वयंपाकघराच्या दाराशी पोचण्याआधीच तिला कुरणातल्या पाण्यातला तो छोटा उंचवटा दिसला, आणि इशबेलच्या कपडे वाळत घालायच्या, लोखंडी आकड्याच्या खांबाला टेकून ताठ गारठून बसलेला ऑली.