पुढच्या काळाचा कासार

महाल पेठेतल्या बायका एका मासिकातल्या गोष्टीनं वेड्या झाल्या होत्या. त्या गोष्टीतला मुशाफिर मागच्या नि पुढच्या काळात फिरून यायचा, आणि तो म्हणजे आपला कासारच, अशी त्यांची खात्री होती. त्यांच्या सासवांनाही तरुणपणी बांगड्या भरणाऱ्या या माणसाची दाढी अजून काळीभोर होती. "कलप लावते तो, वं!" सासवांपैकी जिजाबाई उडवून लावायच्या. आज बांगड्या भरून घेताना प्रेमिलेनं विचारलंच, "सांगा गा मामा, पुढच्या काळात काय पाहून आले?" कासाराची नजर कोपऱ्यात गेली. तिथं जिजाबाईंची विधवा सून मोकळे हात पदराखाली झाकून बसली होती. "या पोरीच्या हातात बांगड्या पाहिल्या जी," म्हणत त्यानं निळा जोड उचलला. हसू जागच्या जागी विरलं. सगळ्यांनी जिजाबाईंकडं पाहिलं. त्यांनीच सुनेचा हात पदराबाहेर काढला. "भरून घे वं. मुशाफिर खोटं नाई बोलत."