रंग नसलेला थेंब

गाडीखाली फरशीवर पडलेला थेंब रंगहीन होता. काल सकाळी त्याच जागी पडलेला थेंब हिरवा होता. स्वरूपाने वाकून त्यात बोट बुडवले, अंगठ्यावर चोळले. बुळबुळीत लागले नाही. नुसते पाणी.

पळसदेवच्या घरापुढे गाडीची पूजा चालली होती. चारही चाकांखाली लिंबे ठेवून झाली होती. सासूबाई, द्वारकाबाई, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक काढत होत्या. बघायला शेजारची मंडळी जमली होती. सहा वर्षांची मोना कानटोपी घालून कधीच सीटवर जाऊन बसली होती. हिमाचलमधल्या स्पितीचा बर्फ बघायचा म्हणून ती पहाटेपासून जागी होती.

"अहो, रेडिएटरमध्ये काय भरलंय?"

राजवर्धन टपावरच्या रजयांची दोरी आवळत होता. "पाइप गळत हुता, जोतीराम मिस्त्रीकडनं बदलला. बोअरचं पाणी टाकलंय."

"आणि ते हिरवं, न गोठणारं कूलंट?"

"आबांच्या ट्रॅक्टरात कुणी टाकलंय? पाण्यावरच चालतुय की."

"ट्रॅक्टर इथे असतो. तिथे रात्री उणे वीसपर्यंत जातं. पाणी गोठलं की फुगतं, इंजिन फुटतं. मग हीटरही नाही, आणि गाडीत मोना." तिने आवाज चढवला नाही. "भिगवणला दुकान आहे. हे काढून कूलंट भरून घेऊ."

"झाली मॅडमची शाळा चालू," राजवर्धन म्हणाला. शेजारचे हसले.

ओट्यावरून सासरे, आबा, म्हणाले, "आवरा रं. भिगवणला संगतीच्या दोन गाड्या तुमच्यासाठी थांबल्यात."

"निघताना फुटायचं कशाला बोलावं गं?" द्वारकाबाई पुटपुटल्या.

स्वरूपाने काचेतून मोनाकडे पाहिले. कानटोपीच्या कडेखाली, भुवईवर, टाक्यांची पांढरी रेघ. गेल्या हिवाळ्यात, महाबळेश्वरच्या घाटात गाडी आदळली तेव्हाची. त्याही दिवशी निघताना तो म्हणाला होता, ब्रेक जरा उशिरा लागत्यात, एवढंच. नंतर सगळे म्हणाले, देवाने वाचवले.

"जोतीराम मिस्त्री काय म्हणाले?" तिने विचारले.

दोरीवरचा त्याचा हात थांबला.

"त्योबी हेच म्हनला. बर्फात पाणी चालत न्हाय म्हनला. मीच घेणार हुतो भिगवणला."

"मग घ्या ना."

"आता न्हाय. चार माणसांत बायकोनं शिकवलं म्हणून घेऊ व्हय? आता पाण्यावरच जायचं."

नारळ फुटला. पाणी चाकावर उडाले. कुणीतरी टाळी वाजवली.

त्याला माहीत होते. माहीत असून तो मोनाला घेऊन निघाला होता. तिने दार उघडले, मोनाचा पट्टा सोडला आणि तिला खाली उतरवले. मागच्या सीटवरची दोघींची बॅग ओढून काढली.

"आई, बर्फ?"

"नेईन मी तुला."

"ए, बसीव तिला आत," राजवर्धन ओरडला. "तमाशा नकू!"

वल्लरी बारामतीत स्वरूपाच्याच कॉलेजात शिकवायची. तिच्या घराची वरची खोली गणपतीपासून रिकामी होती. दर सोमवारी स्टाफरूममध्ये ती विचारायची, येतेस का मोनाला घेऊन? आणि दर सोमवारी स्वरूपा म्हणायची, बघू.

स्वरूपाने फोन काढला. वल्लरीचा नंबर लावला.

"वल्लरी," ती म्हणाली, ओट्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात, "ती खोली मी घेते. आजच येतोय. नाही, सुट्टीपुरतं नाही, राहायला. हो. दोघीच."