राखीव पाणी

दादाच्या कपाळाला लावलेला हात धाकटीने चटकन मागे घेतला. कपाळ तव्यासारखे तापले होते आणि पूर्णपणे कोरडे होते. माथ्यावरचे ऊन अजून कलले नव्हते. बाकीच्या अकरा जणांचे सदरे घामाने पाठीला चिकटले होते. दादाच्या अंगावर मात्र थेंबही नव्हता. तो शिळेला टेकून बसला होता आणि स्वतःशीच हसत होता.

"दादा, आज वार कोणता?"

"बाबा पुढे गेले का?" दादाने विचारले.

बाबांना जाऊन तीस वर्षे झाली होती. धाकटी रुग्णालयात परिचारिका होती; या उत्तराचा अर्थ तिला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

सर्वांचे पाणी मागच्या चढावरच संपले होते. उरली होती ती दादाच्या पाठपिशवीतली एकच बाटली. ती राखीव. डोंगर चढणाऱ्या या मंडळाला तो नेम बाबांनी घालून दिला होता. म्होरक्याने एक भरलेली बाटली वेगळी वाहावी, तिच्या झाकणाला दोऱ्याची गाठ मारावी, आणि कोणी सोबती अडचणीत आल्याखेरीज ती सोडू नये. पायथ्याशी उतरल्यावर म्होरक्याने शाबूत गाठ सर्वांना दाखवावी, मगच मंडळींनी पांगावे.

बाबा याच डोंगरावर, असल्याच एका दुपारी कोसळले. त्यांना खाली आणले तेव्हा पिशवीत राखीव बाटली तशीच होती, गाठही हललेली नव्हती. 'प्राण कंठाशी आले, पण दुसऱ्याचं पाणी तोंडाला लावलं नाही,' असे तेव्हा कोणी तरी गहिवरून म्हणाले. तेच वाक्य पुढे घरात वर्षानुवर्षे आदराने उच्चारले गेले. ती बाटली घरात बाबांच्या तसबिरीखालच्या फळीवर विराजमान झाली आणि दहा वर्षांनी, दादा म्होरक्या झाल्यावर, नेम त्याच्याकडे आला. वीस उन्हाळ्यांत कोणावर तशी वेळ आली नाही, दादाची गाठ सुटली नाही. "दादांच्या गाठीला आमच्या दुकानात कामाला ठेवायला हवं, शिवण उसवायची भीती नाही," असे मंडळातला शिंपी दर खेपेस म्हणे, आणि दर खेपेस सगळे हसत.

आज कोणी हसले नाही. धाकटीने पिशवीला हात घालताच दादाने ती छातीशी कवटाळली.

"राखीव आहे ती. कुणाला लागली तर?"

"अरे, तुलाच लागलीय!"

"मी म्होरक्या आहे," दादा म्हणाला. त्याची जीभ जड झाली होती. "म्होरक्याला लागत नसते."

तिने पिशवी हिसकावून घेतली. घामेजल्या बोटांनी गाठ सुटेना. शिंप्याच्या खिशात सदैव कात्री असे. तिने त्याच्याकडे पाहिले, तसा तो एक पाऊल मागे सरला.

"ताई, बाबांनी मरतानासुद्धा सोडली नाही हो ती. माझ्या हातून नको."

"मग कात्री इकडे द्या. पाप माझ्या नावावर लिहा."

दोरा तुटला. शिळेपलीकडे हातभर सावली होती. चौघांनी दादाला तेथे निजवले, त्याचा सदरा काढला. धाकटीने पाणी त्याच्या तोंडात ओतले नाही. भान हरपलेल्या माणसाला पाजलेले पाणी छातीत उतरते. ती ते डोक्यावर, मानेवर, काखांत जिरवीत राहिली. शिंपी टोपीने वारा घालू लागला. कोणी फोन करून मदत मागवली. बराच वेळ काहीच घडले नाही. बाटलीत तळाला घोटभर पाणी उरले, तेव्हा दादाने डोळे नीट उघडले आणि धाकटीला ओळखले.

"गाठ शाबूत आहे ना गं?"

"आहे," ती म्हणाली. भावाशी ती प्रथमच खोटे बोलली.

सायंकाळी रुग्णालयातल्या डॉक्टरांनी सारे ऐकून घेतले. "बाटलीभरच होतं ना? पण वेळेवर ओतलंत. तेवढ्यावर निभावलं," ते म्हणाले.

दादाचे कपडे नेण्यासाठी धाकटी घरी आली. तसबिरीखालच्या फळीपाशी तिची पावले थांबली. लहानपणापासून त्या बाटलीला हात लावण्याची मनाई होती. तिने ती उचलली. हलवताच आत पाणी वाजले. गाठ तशीच आवळलेली होती. पिशवीतून तिने दुपारची रिकामी बाटली काढली आणि शेजारी उभी केली.

दोन्ही एकाच मापाच्या होत्या. तीस वर्षे या घराने ज्याला त्याग म्हटले, ते पाणी बाबांना पुरले असते.