सहावं नाव

१९९९ साली प्रसेनजीत कारगिलहून सुट्टीवर आला. त्याच्या स्टीलच्या ताटावर खिळ्यानं कोरलेली पाच नावं होती, त्याचं नव्हतं. त्याच्या आईला, आक्काताईला, घरच्या भांड्यावर परक्यांचीच नावं कशी खपावीत? तिनं ताट राजारामपुरीतल्या भांड्यांच्या दुकानात नेलं. “पावणं, खाली माझ्या लेकाचं घाला की, ठसठशीत!” ते बघून प्रसेनजीतनं ताट पालथं घातलं. “आये, ह्यातलं कुणीबी परत आलं न्हाय.” जित्या लेकाचं नाव आपण मेलेल्यांत घातलं! राखेनं घासूनही ते जाईना, तिला घास जाईना. अखेर ताट घेऊन ती त्यांतल्या एकाच्या आईकडे नृसिंहवाडीला गेली. त्या माउलीनं सहाही नावांवरून बोट फिरवलं. “ह्यांना घरी आणायला एक जिता नको व्हय, बाई?” दोघीही आता नाहीत. प्रसेनजीतनं पेन्शनवर आल्यावर ताट बाकीच्यांच्या घरी नेलं. शेवटच्या घरच्या आईनं ते ठेवूनच घेतलं.